टेट्रा, पी-25 की डीएमआर : पोलिसांसाठी सुरक्षित बिनतारी यंत्रणा निवडताना

टेट्रा, पी-25 आणि डीएमआर ही डिजिटल बिनतारी संचांची तीन मानके. माहितीपत्रकावर ‘एन्क्रिप्शन (बोलणे सांकेतिक करून झाकणे) उपलब्ध’ असे लिहिलेले असते, त्यावर विसंबू नका. अल्गोरिदम, म्हणजे झाकण्याची गणिती पद्धत, कोणता, किल्ली (गुप्त आकडा) किती बिटांची आणि ती हँडसेटमध्ये कशी भरायची, हे आधी विचारा. तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि गळती बहुतेकदा तिथूनच होते.

दाट शहरात टेट्रा सरस. 25 किलोहर्ट्झच्या एका वाहकावर (रेडिओ लहरीवर) चार टाइमस्लॉट, म्हणजे आळीपाळीचे वेळेचे कप्पे, असल्याने मोठ्या बंदोबस्तात चॅनल तुंबत नाहीत. पण टेट्राच्या अल्गोरिदमपैकी टीईए1 मुळीच घेऊ नका. त्याची 80 बिटांची किल्ली प्रत्यक्षात 32 बिटांइतकीच ठरते, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी 2023 मध्ये उघड केले. अशी किल्ली साध्या संगणकावरही फुटते. टीईए2 युरोपीय सुरक्षा दलांसाठी राखीव आहे, म्हणून निविदेत अल्गोरिदमचे नाव नेमके लिहा. शिवाय हे संरक्षण हँडसेट ते मनोरा एवढेच असते. पुढे कंट्रोल रूमपर्यंत बोलणे झाकायचे, तर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन वेगळे घ्यावे लागते.

विरळ, विस्तीर्ण मुलखात पी-25 फेज 1 सोयीचे. उंच जागी थोडे रिपीटर (संदेश पकडून पुढे पाठवणारी यंत्रे) बसवून बराच पल्ला मिळतो. टेट्राचा मनोरा मात्र टाइमस्लॉटच्या वेळेच्या मर्यादेमुळे सुमारे 58 किलोमीटरपलीकडे चालत नाही. पी-25 मध्ये एईएस-256 हा 256 बिटांच्या किल्लीचा अल्गोरिदम मिळतो, गणिती बाजू भक्कम. घात होतो तो वापरात. पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या 2011 च्या अभ्यासात अमेरिकी संघीय यंत्रणांचे संवेदनशील बोलणे उघड्यावर ऐकू आले. एन्क्रिप्शनचे बटण बंद राहिलेले कळत नव्हते. किल्ली वारंवार बदलली की एखाद्या हँडसेटपर्यंत नवी किल्ली पोहोचत नाही आणि त्या एकासाठी सारा गटच उघडा बोलू लागतो. उपाय दोन: संवेदनशील चॅनल प्रोग्रॅमिंगमध्येच ‘कायम एन्क्रिप्टेड’ ठेवा आणि हवेतून किल्ली बदलण्याची सोय, म्हणजे ओटीएआर, सुरुवातीपासूनच घ्या. हरवलेला संच बाद करून उरलेल्यांची किल्ली बदलायलाही तीच कामी येते.

डीएमआर स्वस्त, 12.5 किलोहर्ट्झमध्ये दोन संभाषणे. काही संचांतली ‘बेसिक प्रायव्हसी’ मात्र अवघ्या 255 किल्ल्यांची, म्हणजे पोलिसांसाठी निरुपयोगी. 40 बिटांचा पर्यायही टाळा. एईएस-256 चा परवाना अनेकदा वेगळा असतो, तो दरपत्रकात धरा. दोन कंपन्यांचे संच एन्क्रिप्शन चालू ठेवून एकमेकांशी बोलतात का, हे खरेदीआधी प्रत्यक्ष करून पाहा.

एलटीईवरील (4जी मोबाइल नेटवर्कवरील) एमसीपीटीटी, म्हणजे बटण दाबून बोलण्याची सेवा, व्हिडिओ आणि नकाशासाठी उत्तम. नेटवर्क गेले की ते मुके होते. म्हणून जोडीला ठेवा, एकमेव आधार म्हणून नको.

स्वीकृती चाचणीत मनोरा बंद करून तळघरात दोन हँडसेट थेट मोडवर (मनोऱ्याविना एकमेकांशी) बोलते करा आणि एन्क्रिप्शन टिकते का ते तपासा. टेट्रात थेट मोडची किल्ली वेगळी, स्थिर असते. ती कुणी भरलीच नसेल तर ते इथेच उघड होते.