कॅम्परव्हॅनचा अनुभव: शंभर लिटर आत, चाळीस लिटर बाहेर

दिवाळीत गाडी ताब्यात आली आणि संक्रांतीला मी तिला पाचपैकी दोन तारे देऊन मोकळी झाले होते. आता साडेतीन देते. वरचा दीड तारा तासगावच्या एका ब्लोअर (बागेत औषध फवारायचं यंत्र) दुरुस्तीवाल्याचा आहे, गाडी बनवणाऱ्याचा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गाडी म्हणजे 3350 मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) फोर्स ट्रॅव्हलर, एका वर्कशॉपने आतून घर करून दिलेली. बेड, ओटा, फ्रिज, कॅसेट टॉयलेट, छतावर सोलर हे सगळं तुम्ही व्हिडिओत पाहिलेलंच असणार. बिनसलं ते जे व्हिडिओत कुणी दाखवत नाही त्यावरून. चांगल्या पाण्याची टाकी 100 लिटरची आणि सांडपाण्याची 40 ची. माहितीपत्रकात 100 हा आकडा ठळक आहे, 40 कुठे छापलेलाच नाही. वापरलेलं साठ लिटर पाणी माणसाने प्यायचं की काय?

दोघांच्या अंघोळी आणि सकाळची भांडी झाली की सांडपाण्याचे 40 लिटर भरले. मग ओट्याच्या सिंकमधलं पाणी उतरायचं थांबतं आणि जे तोंड सगळ्यात खाली, तिथून वर येतं. ते तोंड म्हणजे बाथरूमची जाळी. गणपतीपुळ्याला साबण लावून उभी होते तर जाळीतून चहाचा चोथा आणि फोडणीची मोहरी तरंगत पायाशी आली. बाहेर हे लुंगी सावरत, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, मागच्या चाकाशेजारचा कॉक शोधत आडवे. कॉक इतका आत की माणूस उताणा झाल्याशिवाय हात पोचत नाही. वय बासष्ट.

वर्कशॉपला फोन केला. "मॅडम, पाण्याचा वापर थोडा कमी ठेवा, बाकीचे लोक कागदी ताटं वापरतात." पिठलं-भाकरी कागदी ताटात! मोठी टाकी बसवायचे अठ्ठावीस हजार, शिवाय गाडी आठवडाभर त्यांच्याकडे सोडायची. त्या सुमारास दारातली सरकती पायरीही अडकायला लागली. वॉरंटीत असूनही तिचे पैसे घेतले, कारण 'चिखल गेलाय'. गाडी चिखलात न्यायची नाही तर मग कुठे, शोरूममध्ये?

मे महिन्यात सांगलीला निघालो तेव्हा मी दोन ताऱ्यांवरच होते. माझं बालपण सांगलीच्या गावभागातलं. लग्नानंतर सातारा-सांगली शंभरदा झालं असेल, पण लग्न, बारसं, दिवस असं काहीतरी उरकायचं आणि परतायचं. निवांत राहणं कधी झालंच नाही. नणंद म्हणाली, "सव्वाशे किलोमीटरला घर घेऊन कशाला जाता?" प्रश्न रास्त होता. एसटीने कितीतरी स्वस्तात झालं असतं. ही लिटरभर डिझेलला दहा किलोमीटरच्या आसपास देते.

पेठनाक्याचा नेहमीचा रस्ता सोडून कराडहून ताकारी, पलूस, तासगाव असे गेलो, कारण ह्यांना किर्लोस्करवाडी पाहायची होती. 1910 साली माळरानावर वसवलेली वसाहत, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर इथे बनायचे. ह्यांनी स्टेशनाचे फोटो काढले, मी वांग्याचं भरीत केलं. इंडक्शनवर. 200 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट. अर्धा तास इंडक्शन पूर्ण ताकदीने चाललं तर एक युनिट जातं. पुढच्या प्रवासात इंजिन ते भरून काढतं. बॅटरीबद्दल तक्रार शून्य, फ्रिजबद्दलही. त्या उन्हात ताक गार राहिलं.

तासगावच्या अलीकडे जाळीने परत डोकं वर काढलं. रस्त्याकडेला द्राक्षबागेचे ब्लोअर दुरुस्त करणाऱ्याचं शेड होतं, बाहेर पिवळ्या टाक्या रचलेल्या. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर या लोकांना मान वर करायला वेळ नसतो, पण उन्हाळ्यात उसंत होती. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "काकू, पाणी कुठं जाणार ते न ठरवता मोरी केली कुणी?" एवढा सरळ प्रश्न वर्कशॉपमध्ये कुणाला पडला नव्हता. चेसिसच्या बाजूला 60 लिटरची जाड प्लास्टिकची टाकी पट्ट्यांनी आवळली, जुन्या टाकीला जोडली, हवा जायला बारीक नळी वर काढली आणि सव्वा इंची बॉल व्हॉल्व्ह दाराच्या बाजूला, उभ्याने हात पोचेल असा आणला. साडेचार हजार, चहा त्याचाच.

गावभागात गाडी शिरणं शक्य नव्हतं, चालत गेलो. आमच्या वाड्याजागी अपार्टमेंट आहे, खाली पार्किंग. 2005 चा पूर वाड्याने सोसला, 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा तो उरलाच नव्हता. पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात मोरीचं पाणी जिथे निघायचं तिथे आजीचं अळू असायचं. गणपतीत गल्लीभर अळूची पानं जायची. साबणाला तेव्हा शिकेकाई-रिठे, म्हणून अळवाला चालायचं. आत्ताचं डिशवॉश झाडाला देऊ नका.

मुक्काम हरिपूरला मामेभावाच्या अंगणात. त्या रस्त्यावरच्या चिंचांच्या फांद्या सोलरला घासतात, छतावर लक्ष ठेवा. वहिनी पहिल्या रात्री रुसली, "घर असताना गाडीत झोपता, लोक काय म्हणतील?" दुसऱ्या दिवशी तीच भडंगाचा डबा घेऊन आत आली आणि बेडवर पाय पसरून तासभर गप्पा मारत बसली. संध्याकाळी कृष्णा-वारणेच्या संगमावर गेलो. एकदाही उताणं न होता ह्यांनी टाकी रिकामी केली, शोषखड्ड्याजवळ, नदीत नाही.

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा. आरसीवर मोटार कॅरॅव्हॅन अशी नोंद हवी. आरटीओच्या मंजुरीशिवाय केलेला बदल कायद्यात बसत नाही आणि विमावाला नेमकं तेच पकडतो. आणि ताबा घेताना कॉक बंद ठेवून वरची टाकी पूर्ण भरा, सगळी सिंकमध्ये सोडा, विक्रेत्याला बाथरूममध्ये उभा करा.

पावसाळ्यात वर्कशॉपमधून फोन आला. तासगावच्या टाकीचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. "मॅडम, फोटो पाठवाल का, दुसऱ्या कस्टमरला सुचवायला?" म्हटलं, पायरीचे पैसे परत करा, मग बघू. अजून उत्तर नाही.