घरपोच विंडशील्ड बसवून घेताना झालेली फसवणूक

गेल्या जुलैमध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने माझ्या गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेला आणि दोन दिवसांत तो कडेपर्यंत पोचला. इंटरनेटवरील जाहिरातीतून गाठलेल्या काचवाल्याने ‘विम्याकडे गेलात तर नो क्लेम बोनस बुडेल’ असे फोनवरच बजावले आणि ६,५०० रुपयांत सोसायटीच्या पार्किंगमध्येच काम करून देण्याचे कबूल केले. हा बोनस म्हणजे वर्षभर दावा न केल्यास पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट; ती केवळ गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते, तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यावर नाही. शिवाय विम्याच्या दाव्यात काचेवर घसारा (जुनी झाल्याने घटलेली किंमत) कापला जात नाही आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट (दाव्यातील आपण स्वतः सोसायची रक्कम) सहसा १,००० रुपयेच असते. हा हिशेब मी आधी मांडला नाही, ही चूक माझीच.

काम चाळीस मिनिटांत उरकले. त्या वेळी येणारा शिरक्यासारखा उग्र वास मला खटकायला हवा होता, कारण तो स्वस्त सिलिकॉनचा असतो. विंडशील्ड पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवतात. जुन्या गोंदाचा एक-दोन मिलिमीटरचा थर राखून, उघड्या पडलेल्या पत्र्याला प्रायमर (गोंदाआधीचा अस्तराचा थर) लावून त्यावर नवा गोंद सोडायचा असतो आणि तो पुरेसा धरेपर्यंत गाडी हलवायची नसते. अपघातात शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना बहुतेक गाड्यांत याच काचेचा आधार घेते. आमच्या कारागिराने मात्र सुरीने पत्र्यापर्यंत खरवडले, प्रायमरची बाटली उघडलीच नाही आणि ‘आत्ता लगेच चालवा साहेब’ असे सांगून जुनी काच फास्टॅगसकट घेऊन गेला. तो टॅग बंद करून नवा घेण्याचा उपद्व्याप वेगळाच.

चौथ्या दिवशीच्या पावसात डाव्या बाजूच्या पायाखालचे कार्पेट भिजले. दुसऱ्या कारागिराने काच काढली तेव्हा काळे सिलिकॉन सायकलच्या ट्यूबसारखे सलग सोलून निघाले आणि खालच्या ओरखड्यांवर गंज धरलेला दिसला. सिलिकॉनचा अंश राहिला तर पॉलियुरेथेन चिकटत नाही, त्यामुळे सफाईलाच अर्धा दिवस गेला. ‘कंपनीची’ म्हणून दिलेल्या काचेवरील आयएसआयची खूणही स्टिकरची निघाली. खरी खूण काचेवरच कायमची उमटवलेली असते, नखाने निघत नाही. स्टिकरवरील परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला असता सापडलाच नाही. ही तपासणी काच गाडीला लागण्यापूर्वी दोन मिनिटांत झाली असती.

नवी काच, सफाई आणि रंग मिळून १४,००० रुपये गेले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवायला बसलो तेव्हा पावती प्रथमच नीट वाचली: त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता नव्हता, ‘काच बसवली’ एवढे दोनच शब्द आणि आता बंद असलेला मोबाइल क्रमांक होता.