एलएमजीवाल्या जवानासाठी शिवून घेतलेली स्लिंग: सुभाषनगरातील एका कारागिराचे काम

माझा भाचा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. त्याच्या सेक्शनमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, एलएमजीचा (लाइट मशीनगनचा) नंबर एक, म्हणजे ती चालवणारा जवान, म्हणून नुकतीच त्याची नेमणूक झाली आणि सुट्टीवर घरी आल्या दिवशीच त्याने मला आपल्या खांद्यावर उठलेला काळानिळा वळ दाखवला. मी याच रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो असून सेवेची सुरुवातीची सात वर्षे एलएमजीच वाहिलेली असल्याने तो वळ कशाचा, हे मला विचारावे लागले नाही. "मामा, रुंद आणि मऊ स्लिंग कुठे मिळेल?" हत्यार खांद्यावर अडकवण्याच्या पट्ट्याबद्दल एवढेच त्याने विचारले, आणि त्यातून आम्ही कोल्हापूरच्या सुभाषनगरात चामडे व कॅनव्हासची कामे करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याच्या कामाविषयी सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, सैन्यात मुलगा असलेली घरे आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत आणि त्यांपैकी कोणाच्या तरी खांद्यावर आज हेच ओझे असणार.

आमच्या वेळी जुन्या ब्रेन मशीनगनचीच ७.६२ मिलिमीटरमध्ये बदललेली एलएमजी १बी होती. तिचे वजन साडेनऊ किलोंच्या आसपास भरत असे. नंतरची इन्सास एलएमजी हलकी होती, तरी रिकामीच सहा किलोंहून जड. २०२० च्या मार्चमध्ये इस्रायलकडून १६,४७९ निगेव एलएमजी घेण्याचा सुमारे ८८० कोटी रुपयांचा करार झाला. बेल्टवर चालणारे हे हत्यार पुन्हा ७.६२ चे असून साडेसात किलोंच्या पुढे आहे, आणि शंभर गोळ्यांचा एक बेल्ट अडीच किलोंहून अधिक भरतो. पाठीवरचा पिट्ठू, पाणी आणि हेल्मेट यांचे वजन वेगळेच. हे ओझे घेऊन चढ चढून गेल्यावर पोटावर पडून पहिला बर्स्ट, म्हणजे सलग गोळ्यांची झोड, नेमका टाकायचा असतो, आणि दमलेल्या, बधिर झालेल्या खांद्याने तो नेमका पडत नाही. म्हणून स्लिंग ही मला चैनीची वस्तू वाटत नाही.

कोल्हापुरात चामड्याचे काम म्हटले की आपला ऊर अभिमानाने भरून येतो आणि मीही संपूर्ण चामड्याची स्लिंग मागण्याच्या विचारानेच गेलो होतो. कारागिराने मात्र मला थांबवले. "मेजर, चामडं पावसात फुगतंय आणि वाळलं की आकसतंय. अंगाला कापडच घ्या, चामडं फक्त कडीपाशी घालूया," असे तो म्हणाला. स्वतःचे महागडे काम न विकता गिऱ्हाइकाच्या गरजेचे सांगणारा माणूस मला तेथेच पटला. त्याने अडीच इंच रुंदीचे जाड नायलॉनचे पट्टे घेतले, खांद्यावर येणाऱ्या भागात नमद्याचे (दाबलेल्या लोकरीचे) दोन थर घालून वरून कॅनव्हास शिवले आणि जेथे कडी घासते तेथेच बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याचा तुकडा दुहेरी टाक्यांनी बसवला. कड्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांवर सुतळी गुंडाळण्याची सूचना माझी होती. रात्रीच्या गस्तीत कडीची एक किणकिणसुद्धा सेक्शनचा ठावठिकाणा सांगून जाते.

सर्वाधिक वेळ बकलाच्या जागेवर गेला. पहिल्या खेपेस त्याने ते उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली बसवले होते. उभे असताना ते उत्तम वाटत होते, परंतु भाच्याला दुकानाच्या ओट्यावर पालथे झोपवून खांद्याला दस्ता (हत्याराचा मागचा, खांद्याला टेकणारा भाग) लावल्याची स्थिती घ्यायला लावली, तेव्हा बकल नेमके दस्त्याखाली येऊन रुतू लागले. एलएमजी चालवताना बायपॉडवर, म्हणजे नळीखालच्या दोन पायांवर, अंग किंचित पुढे रेटून दस्ता खांद्यात घट्ट धरावा लागतो. तेथे काहीही टोचत असेल तर माणूस नकळत खांदा मागे घेतो आणि बर्स्ट वर उडतो. दुसऱ्या खेपेस बकल डाव्या छातीवर आले आणि एका हाताच्या ओढीने सुटेल असे झाले. नायक यशवंत घाडगे यांचे उदाहरण मी भाच्याला तेथेच सांगितले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या सेक्शनमधील इतर सर्व जवान मारले किंवा जायबंदी केले, तेव्हा ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले, आणि शेवटी मॅगझिन बदलायला सवड न मिळाल्याने उरलेल्या दोघांना त्यांनी हत्याराच्या दस्त्याने लोळवले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मॅगझिन किंवा बेल्ट बदलताना हात स्लिंगमध्ये अडकणे किती महागात पडू शकते, हे समजायला एवढी हकीकत पुरेशी आहे.

स्लिंगची परीक्षा आम्ही घरच्या घरी घेतली. उद्यमनगरातून आठ किलोंचा लोखंडी पाइप आणला, तो पोत्यात गुंडाळून स्लिंगला बांधला आणि भाचा पहाटे जोतिबाचा डोंगर सलग पाच दिवस चढला. वळ उठला नाही. परंतु पाचव्या दिवशी चामड्याच्या तुकड्याची एका बाजूची शिवण उसवली. कारागिराने ती विनातक्रार आणि विनामूल्य पुन्हा घातली, तरीही हा दोष मी लहान मानत नाही, कारण मोहिमेवर सुभाषनगर जवळ नसते. मेणाचा दोरा वापरण्याचा आग्रह गिऱ्हाइकाने आधीच धरावा.

एकूण ६५० रुपये आणि नऊ दिवस लागले. चार दिवसांचा वायदा होता. सुट्टी मोजकी असलेल्या जवानाने हे ध्यानात घ्यावे.

सफाईचे सामान ठेवण्यासाठी त्याच्याकडूनच शिवलेली कॅनव्हासची गुंडाळीही चांगली आहे. फुलथ्रू (नळी साफ करायची दोरी), चिंध्या, ब्रश आणि तेलाची बाटली यांना वेगवेगळे कप्पे असल्याने अंधारात हाताला हवी ती वस्तू लागते. सफाई महत्त्वाची, कारण ज्याच्या हत्याराच्या गॅसच्या वाटेत (गोळीचा वायू ज्या नळीतून येऊन हत्यार चालवतो तिच्यात) काजळी साठली आहे त्या नंबर एकला फौरी इलाज, म्हणजे अडलेले हत्यार तत्काळ चालू करण्याची कृती, कितीही पाठ असला तरी हत्यार वारंवार अडते. अशा दोन गुंडाळ्या घ्याव्यात. दुसरी नंबर दोनसाठी, म्हणजे नंबर एकच्या मदतनीसासाठी. त्यानेही तेच हत्यार तितकेच ओळखले पाहिजे, कारण नंबर एक पडला तर गन त्याच्याच हाती येते. मोठ्या दुकानांत मिळणारे चकचकीत हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड भाच्याने पाहिले होते. पॅड उपयोगी आहेत, पण त्या हातमोज्यांत बोट ट्रिगरवर जाड पडते आणि तीन ते पाच गोळ्यांचा छोटा बर्स्ट तोडता येत नाही, म्हणून ते मी घेऊ दिले नाहीत.

माप देताना पिट्ठू आणि पाउच चढवूनच उभे राहावे; साध्या शर्टावर घेतलेले माप पुढे चार बोटे तोकडे पडते. शिवून घेतलेली स्लिंग हत्यारावर चढवण्याआधी सेक्शन कमांडरला दाखवून परवानगी घ्यावी, आणि सरकारी स्लिंग जपून किटमध्ये ठेवावी, कारण तपासणीच्या वेळी तीच मोजली जाते.