पीसीएससी-लाइट : दोन संध्याकाळी गेल्या, पण कार्ड बोललं

लिनक्सवर स्मार्टकार्डसाठी कोड लिहायचा म्हणून पीसीएससी-लाइट (प्रोग्रॅम आणि कार्ड रीडर यांच्यातला दुवा), सीसीआयडी ड्रायव्हर (यूएसबी रीडर चालवणारा) आणि ओपनएससी (कार्ड वापरायची साधनं) बसवलं. बसवणं पाच मिनिटांचं काम. वितरणाच्या पॅकेजमधूनच घ्या, सोर्सपासून बांधायची हौस मी एकदा भागवून घेतली, पुन्हा नाही. हेडर फाइल्सचं डेव्हलपमेंट पॅकेज वेगळं असतं, ते विसरलात तर कंपायलर पहिल्याच ओळीला अडतो.

खरी कसोटी पुढे. यूएसबीच्या यादीत रीडर दिसतोय, पण रीडर आणि कार्ड शोधणारं पीसीएससी-स्कॅन म्हणतं रीडरच नाही! पहिली संध्याकाळ यातच गेली. मी केबलसुद्धा बदलली, काय सांगू. शेवटी कळलं की माझ्याच मशीनवरचा दुसरा एक सुरक्षेचा प्रोग्रॅम रीडर धरून बसला होता. तो बंद केला आणि ३बी ने सुरू होणारा एटीआर (कार्ड चालू होताच देतं ते पहिलं उत्तर) पडद्यावर आला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट : पीसीएससीडी (पीसीएससी-लाइटची पार्श्वभूमीत चालणारी सेवा) फोरग्राउंड, डीबग आणि एपीडीयू (कार्डाला जाणारे आदेश आणि त्याची उत्तरं) हे पर्याय देऊन चालवला की कार्डाशी होणारा प्रत्येक संवाद बाइट-बाइट दिसतो. कार्डाच्या उत्तराच्या शेवटी ६ए ८२ हा कोड आला तर मागितलेली फाइल किंवा अ‍ॅप्लिकेशन कार्डावर नाही, ९० ०० (म्हणजे काम झालं) आलं की जीव भांड्यात. फक्त खरा पिन टाकला असेल तर हा लॉग कुणाला पाठवू नका, त्यात तोही उघडा दिसू शकतो.

एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून) शिरून काम करणार असाल तर पोलकिटचा (कुणाला कशाची परवानगी ते ठरवणारी लिनक्सवरची व्यवस्था) नियम आधी बघा, माझी दुसरी संध्याकाळ त्यानेच खाल्ली. त्रुटीसंदेश मख्ख आहेत, म्हणून पाचपैकी चार.