डावखुऱ्या लेकीची पहिली रायफल: हॅमरली एआर-२०, सात महिने वापरल्यावर

रायफल घरी आली त्या दिवशी मी एक वही सुरू केली. खांद्याला टेकायची बटप्लेट किती बाहेर, गालाची पट्टी किती वर, नेम धरायची साईट कितव्या खुणेवर, सगळं व्हर्नियरने मोजून तारखेसकट लिहायचं. शिरोली एमआयडीसीत बावीस वर्षं मशीनवर काम केल्याची ही सवय आहे. जॉब बदलला की सेटिंग लिहून ठेवायचं, नाहीतर पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. आज ती वही समोर ठेवूनच लिहितोय. गेल्या दोन महिन्यांत चार पालकांनी मला एकच प्रश्न विचारला, "पहिली रायफल कुठली घ्यायची, आणि किती पैसे घालायचे?"

लेक आठवीत आहे. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, त्या दिवशी आमच्या गल्लीत साखर वाटली. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली तेव्हा लेक जन्मलीही नव्हती. पण कोल्हापुरात ही नावं घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. पोरीने हट्ट धरला आणि आम्ही तिला रेंजवर नेलं.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण बरेच पालक इथेच गोंधळतात. स्वप्निलचं पदक ५० मीटरचं, पॉइंट टू-टू रायफलचं. ती खरी बंदूक, तिला शस्त्रपरवाना लागतो, आणि गोळ्यांचा खर्च वेगळाच. नवशिक्या पोराची सुरुवात १० मीटर एअर रायफलने होते. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, मागे फक्त दाबलेली हवा. मॅचची एअर रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास चालते. २० ज्यूलच्या आतल्या या बोअरच्या, म्हणजे नळीच्या मापाच्या, एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. मी पुढे जे लिहितोय ते फक्त याच रायफलबद्दल.

पहिले आठ महिने आम्ही काहीही विकत घेतलं नाही, आणि तो निर्णय बरोबर होता. क्लबची देशी बनावटीची, नळी खाली वाकवून भरायची स्प्रिंगची रायफल होती, ओपन साईटची, म्हणजे उघड्या खाचेतून नेम धरायची. शालेय स्पर्धांत ओपन साईटचा गट वेगळा असतो, त्यामुळे त्या रायफलवरसुद्धा पोरगं मॅच खेळू शकतं. ज्यांना अगदी कमी पैशांत स्वतःची हवी आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. आपल्या ठाणे जिल्ह्यातले प्रिसिहोलवाले अशा रायफली बनवतात, नवी मिळते, सुटे भाग मिळतात. स्प्रिंगच्या रायफलीत आतला पिस्टन पुढे आदळतो, सगळी रायफल हातात हलते आणि छर्रा तेव्हा अजून नळीतच असतो. म्हणून ती प्रत्येक वेळी अगदी सारखीच धरावी लागते. लेकीचा हात त्या आठ महिन्यांत घडला. रेंजवर शिकवणारे सर म्हणायचे, "स्प्रिंगवर शंभरात नव्वदीत आली की पीसीपीचं बघू." ती आली, मग मी शोधाला लागलो.

पीसीपी म्हणजे आधीच हवा भरलेल्या सिलिंडरची. धक्का जवळजवळ नाही, आणि पीप साईटने, म्हणजे बारीक भोकातून बघून, खेळायची. नव्या जर्मन रायफलींच्या किमती ऐकून मी दोन रात्री झोपलो नाही. वाल्थरची एलजी ४०० काय, फाइनवेर्कबाऊची ८०० काय, ऑलिंपिकला दिसतात त्याच या. माझा आकडा ठरलेला होता: सगळं मिळून सव्वा लाख, त्यातले चाळीस सोसायटीचं कर्ज.

म्हणून जुनी शोधली. पहिली बघायला मोटरसायकलवरून दुसऱ्या शहरात गेलो. मोठ्या नावाची रायफल, लाकडी दस्ता तुकतुकीत, ९५ हजार. मी सिलिंडर फिरवून त्याच्यावरची तारीख वाचली. तेरा वर्षं झालेली. या सिलिंडरमध्ये २०० बारची हवा असते, म्हणजे ट्रकच्या चाकात असते त्याच्या वीसपट, आणि पोरीचा चेहरा त्याच्यापासून हातभर अंतरावर. बनवणारे साधारण दहा वर्षांची मुदत देतात, स्पर्धेतही मुदत संपलेलं सिलिंडर अडवू शकतात. विकणारे गृहस्थ म्हणाले, "काही होत नाही हो, आम्ही रोज वापरतोय." मी प्रेशरच्या लाइनवर काम केलेला माणूस आहे. एकदा उडालेली फिटिंग पाहिली आहे. नमस्कार करून परत आलो. जुनी रायफल बघायला जाल तेव्हा नळीच्या आत डोकावण्याआधी सिलिंडरची तारीख वाचा. नवं सिलिंडर टाकायची किंमत धरली की स्वस्तात मिळालेली रायफल स्वस्त राहत नाही.

शिवाय ती रायफल उजव्या हाताची होती, आणि आमची लेक डावखुरी.

मग रेंजवरच्याच एका दादाने त्याची एआर-२० विकायला काढली. तो वरच्या रायफलकडे चालला होता. दीड वर्ष वापरलेली, मूळ बिलासकट. बिलावरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळवून घेतला. ८५ हजारांत ठरलं. हॅमरलीची ही रायफल अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्याची आहे, दिसायला रायफलीपेक्षा कारखान्यात जॉब पकडायच्या जिगसारखी, म्हणून मला पाहताक्षणी आवडली. डावखुऱ्याला आणि उजव्याला दोघांना चालते. बटप्लेट सरकते, गालाची पट्टी वर-खाली होते. वजन चार किलोच्या थोडं वर. नियमाने साडेपाच किलोपर्यंत चालते, पण तेरा वर्षांच्या पोरीच्या कमरेला एकेक शंभर ग्रॅम कळतं. कोणी वजनं लावायला सांगितली तरी पहिलं वर्ष लावू नका, असं सरांनी बजावलं आहे, आणि मला ते पटतं.

आता माझ्या डोक्यात जो प्रश्न होता तो असा: स्वस्त रायफल घेतली म्हणून पोरीचे गुण जातील का? हे मी मोजलं. सुट्टीच्या दिवशी सरांची परवानगी घेऊन, कारखान्यात केलेल्या रबराच्या जबड्यांच्या फिक्स्चरमध्ये रायफल बांधली आणि १० मीटरवर पाच-पाच छर्रे मारले. चार प्रकारचे छर्रे, ४.४९ आणि ४.५० दोन्ही मापांचे. चांगल्या डब्याचे पाचही छर्रे एकाच भोकात गेले, भोक बाहेरून ६ मिलिमीटरच्या आत. छर्रा साडेचारचा, म्हणजे केंद्रातला फरक दीड मिलिमीटर, मध्यापासून जास्तीत जास्त पाऊण.

टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा त्याला नुसता शिवला तरी १०.०. मध्यापासून पाव मिलिमीटरपर्यंत १०.९, पुढे पाव-पाव मिलिमीटरला दशांशाचा एकेक गुण कमी होतो. पाऊण मिलिमीटरला १०.७. म्हणजे ही रायफल, नीट निवडलेल्या छर्ऱ्यासकट, सगळ्यात वाईट फटक्याला १०.७ देते. मॅचला ६० फटके असतात, ७५ मिनिटं. लेकीचा सरासरी फटका अजून ९.८ च्या आसपास आहे. उरलेलं अंतर तिच्या श्वासाचं, पायांचं, बोटाचं आहे. तीन लाखांची रायफल ते अंतर भरून देणार नाही. त्याच दिवशी एका स्वस्त डब्यातल्या छर्ऱ्यांनी भोक दुप्पट मोठं केलं, त्यामुळे छर्ऱ्यात काटकसर केली तर गुण नक्की जातात. सरावाला साधे वापरा, पण मॅचला रायफलीला मानवणारा डबा ठरवून ठेवा. ५०० चा डबा आठ मॅचइतक्या सरावात संपतो. हा महिन्याचा खर्च रायफल घेण्याआधीच घरात बोलून घ्या.

गुण जातात ते रायफल अंगाला बसली नाही म्हणून. पहिल्या आठवड्यात लेक घरी आली आणि म्हणाली, "पप्पा, मान दुखतीया." बटप्लेट आधीच्या मालकाच्या मापावर होती, तो पावणेसहा फूट. लेक मान पुढे ताणून साईटपर्यंत पोचत होती. मी आणि सरांनी बटप्लेट सगळ्यात आत घेतली आणि गालाची पट्टी बसवण्यात एक संपूर्ण संध्याकाळ घातली. ती डोळे मिटून उभी राहायची, रायफल खांद्याला लावायची, मग डोळे उघडायची. पीप साईटच्या भोकात नळीच्या टोकावरच्या साईटचं वर्तुळ मधोमध दिसलं तर बरोबर, नाहीतर पट्टी दोन मिलिमीटर वर किंवा खाली. असं सतरा वेळा. अठराव्यांदा तिने डोळे उघडले आणि काही बोलली नाही, नुसती तशीच उभी राहिली. तेव्हा सर मला म्हणाले, "आता किल्ली खिशात ठेवा." दुकानात किंवा कुणाच्या घरी रायफल बघायला जाल तेव्हा पोराला सोबत न्याच. सगळ्यात आखूड सेटिंगला ती त्याच्या खांद्याला बसते का, एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं.

पावसाळ्याचं एक सांगतो. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीसुद्धा घाम गाळतात. हातपंपाने हवा भरली की हवेतलं पाणी सिलिंडरमध्ये जातं, आणि पुढे हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरला त्रास देतं. म्हणून आम्ही पंप घेतला नाही, क्लबच्या मोठ्या कोरड्या सिलिंडरवरून भरतो. आणि जे माझ्यासारखे कारखान्यातले आहेत त्यांना हात जोडून विनंती: कुठल्याही सांध्याला मशीनचं तेल लावू नका. दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. सांध्यातल्या रबरी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच.

उरलेल्या पैशांतून जॅकेट आणि पँट वापरलेलीच घेतली, कारण पोरगी वाढते आहे. कापड अडीच मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, घेताना तपासा. बूट मात्र नवे. एकूण एक लाख सतरा हजार लागले.

दोन स्पर्धा झाल्या. पहिल्या स्पर्धेत तिने शेवटची दहा मिनिटं घाईत घालवली, दुसऱ्यात नाही. कुणाला आपल्या पोराच्या खांद्याला ही रायफल लावून बघायची असेल तर रविवारी सकाळी रेंजवर या, सर नाही म्हणत नाहीत.

लेकीच्या मापाची वहीतली पहिली नोंद: बटप्लेट ० मिमी, सगळ्यात आत. कालची नोंद: १४ मिमी.