बासचा सेट आमच्या तळ्यातल्या मरळीवर – पाच महिने वापरून झाले

गळानं मासे धरायचा हा सेट जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी ऑनलाइन मागवलेला, आता दिवाळी तोंडावर आलीय, म्हणजे पाच महिने धरा की. सात फुटी रॉड दोन तुकड्यांत, मिडियम हेवी, ३००० साइजचं स्पिनिंग रील, ४० पौंडाची ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाइन १०० मीटर आणि आमिषाचे पाच रबरी बेडूक, सगळं मिळून ४,२०० रुपये. डब्यावर मोठ्या अक्षरात बास फिशिंग लिवलेलं. ते बघून मामा म्हणाले, "बास म्हणजे, आता पुरे म्हणतोय काय रे तो?" तर ते बास नव्हे मामा, अमेरिकेतला लार्जमाउथ बास, मोठ्या तोंडाचा, पाणगवतात दबा धरून बसणार आणि वरनं काय पोहत गेलं की फाडकन झडप घालणार. आता हे ऐकून तुमाला आपली मरळच आठवली की नाही? मला पण तीच आठवली, म्हणून तर घेतला.

आधी वाईट सांगतो म्हणजे मन मोकळं होतंय. पहिल्याच दिवशी मासा लागला, रीलचं हँडल फिरवतोय, फिरवतोय, आणि लाइन काय आत येईना. मला वाटलं ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, बिघडला, विकणाऱ्याला मेसेज टाकला, तीन दिवसांनी उत्तर आलं ड्रॅग टाइट करा. ड्रॅगचं काय नव्हतंच मर्दा, ब्रेडेड लाइन गुळगुळीत स्पूलवर, म्हणजे रीलच्या चकरीवर, सगळी गठ्ठ्यानं गरागरा फिरत होती. आधी आठ-दहा मीटर साधा नायलॉन गुंडाळायचा आणि त्याच्यावर ब्रेड बांधायची, नाहीतर स्पूलला चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा, एवढी एक ओळ कागदावर छापायला काय जात होतं त्यांचं? दुसरं म्हणजे गाठ. नायलॉनला मारतो तशी गाठ मारली तर ब्रेड घसरून सुटतीय, माझा एक बेडूक असाच कमळात गेला तो गेलाच. पालोमर गाठ शिका, दुहेरी दोरा, सोपी आहे, आवळायच्या आधी थुंकी लावा. आणि अडकलेली लाइन हाताला गुंडाळून ओढू नका, ब्लेडसारखी कापतीय, माझ्या करंगळीवर अजून वण आहे.

बेडूक मात्र डोकं लढवून केलेला आहे. आतनं पोकळ, दोन हुक पाठीला चिकटून वर तोंड करून बसलेले, म्हणजे जलपर्णीवरनं, कमळाच्या पानावरनं ओढत आणला तरी गवत लागत नाही, माशानं दाबला की तो चेपतो आणि मगच हुक उघडे पडतात. पण सुरवातीला माशाच्या दहा फटक्यांत आठ वाया जात होते. एक चूक माझी, फट्ट आवाज आला की घाबरून लगेच झटका मारायचो आणि बेडूक माझ्याच तोंडावर. आता फटका बसला की मनात एक-दोन म्हणतो, लाइनीला वजन लागलं की मगच ओढतो. दुसरी चूक बेडकाची, हुक अंगाला फारच चिकटलेले होते, पकडीनं किंचित, दोन मिलिमीटर बाहेर वाकवले, आणि रबरी झालरीचे लांब पाय अर्धे कापले, कारण मासा पायच धरून सोडून देत होता. तेव्हापासून निम्म्याला निम्मं तरी जमतंय. मरळीचे दात काय साधे नव्हेत, तीन-चार माशांत बेडकाला भोक पडतंय, पाणी भरतंय, मग तो बुडतोय. फेविक्विकनं दोनदा चालला, तिसऱ्यांदा नाही. तेव्हा बेडूक हा खर्चच धरा, गांडुळासारखा.

आता दिवाळीतल्या ट्रिपचं. हे बासचे व्हिडिओवाले तिकडच्या फॉलचं, म्हणजे पानगळीच्या दिवसांचं सांगतात, थंडी पडायला लागली, पाणी गार झालं की बारके मासे खाडीसारख्या कोपऱ्यात सरकतात, बास त्यांच्या मागं, गवत मरायला लागतंय, मग जे गवत अजून हिरवं आहे तितंच टाका, कारण कुजणारं गवत पाण्यातला ऑक्सिजन खातंय. बाससाठी हे बरोबर. मी पण सप्टेंबरात हिरवं-हिरवं शोधत फिरलो आणि दोन रविवार रिकाम्या हातानं घरी. मरळीला ऑक्सिजनची एवढी पडलेलीच नसते, ती वर येऊन हवेतला श्वास घेतीय, म्हणून तर जलपर्णीच्या जाड गादीखाली, जितं रोहू-कटला थांबत नाही, तितं ही मजेत बसतीय. मामांनी फक्त एवढंच सांगितलं, "गवत नको बघू, भोकं बघ." गादीत हाताएवढी मोकळी जागा, तितं मधूनच बुडबुडा येतोय, वर येऊन तोंड उघडून परत खाली, तीच जागा. बेडूक त्या भोकाच्या चार हात पलीकडं टाकायचा, सरकवत कडेला आणायचा, भोकात पाडायचा आणि पाण्यातलं वलय विरेपर्यंत हात बांधून बसायचं. हे बसणंच अवघड हो, खरं सांगतो.

पावसाळ्यात मात्र एक बघा, पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका खळबळताना दिसला तर बेडूक टाकू नका. आई-बाप खाली राखण करत असतात आणि रागानं पहिल्या फेकीलाच लागतात. लागतात म्हणून आनंद होतो खरा, पण पिल्लं उघडी पडली की बाकीचे मासे तासात संपवतात. मी जुलैमध्ये एक अशी काढली आणि मामा घरापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

हा सेट कुठं चालत नाही ते पण ऐका. हिडकलसारख्या मोठ्या उघड्या धरणावर बेडूक म्हणजे वेळ घालवणं. राकसकोपचं पाणी तर बेळगावकर पितात, तिकडं गळ घेऊन जायचं डोक्यातच आणू नका. आपली खानापूर-बेळगावच्या खेड्यातली जुनी तळी, कडेला लव्हाळा, मध्ये कमळ, यालाच हा बनलाय. तळ्याचा लिलाव झालेला असतो तेव्हा आधी ठेकेदाराला विचारा. आमचा ठेकेदार मरळ काढा म्हणून उलट चहा देतोय, कारण ती त्याची कटल्याची पिल्लं खातीय.

रॉड ठीक, एवढंच. जोडात आता जरा खुळखुळ आहे. रीलला गंज नाही. पण पैसे वसूल कशात म्हणाल तर लाइनीत, नायलॉन ताणला जातो आणि मासा गवताला दोन वेढे घालून मोकळा होतो, ही ताणतच नाही, गवतासकट मासा बाहेर. उरलेल्यातली वीस मीटर मामांनी मागून घेतली आणि आपल्या जुन्या बांबूला बांधली, आता माझ्यापेक्षा त्यांचे मासे जास्त.

पाचातले चार स्टार. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलंय, ऊन चढायच्या आत दोन तास, परत चारनंतर. नवीन तीन बेडूक मागवलेत, काळाच रंग, ढगाळ असो नाहीतर ऊन. लांब नाकाची पकड, जुने बूट आणि मामांसाठी एक जादा चप्पलजोड घेतोय, मागच्या खेपेला त्यांची एक चिखलात रुतली ती अजून तितंच आहे.