‘वॉर्म लाइट’ सांगून पांढराफेक दिवा गळ्यात मारला, त्याची गोष्ट

ज्या दिव्याच्या माहितीत केल्विनचा आकडा (उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा) नाही तो दिवा मागवू नका. बाकीचं सविस्तर पुढे सांगते, पण घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

मला पलंगाशेजारी ठेवायला एक लहानसा, बिनवायरचा, चार्ज होणारा दिवा हवा होता. रात्री मोठा दिवा बंद केल्यावर खोलीत मंद पिवळसर उजेड राहावा, एवढीच अपेक्षा. सोशल मीडियावर जाहिरात दिसली. मधाच्या रंगाची काच, पितळी बैठक, मागच्या भिंतीवर पसरलेला सोनेरी उजेड. खाली ‘सॉफ्ट वॉर्म ग्लो’, ‘प्रीमियम ब्रास फिनिश’ वगैरे, आणि कोपऱ्यात ऑफर संपायला किती मिनिटं उरली हे दाखवणारं उलटं घड्याळ. (असं घड्याळ दिसलं की पान एकदा रिफ्रेश करून बघा. हे लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं.)

पार्सल उघडलं आणि दिवा तळहातावर मावला. फोटोत शेजारी पुस्तकांची चळत होती आणि दिवा तिच्याहून उंच दिसत होता. ती पुस्तकं काडेपेटीएवढी असतील तरच ते जमावं! पानावर उंचीचा आकडा नव्हता, ‘कॉम्पॅक्ट डिझाइन’ एवढंच होतं. पण उंचीचं दुःख बाजूला राहिलं, कारण दिवा लावल्यावर छतावर निळसर पांढरं वर्तुळ उमटलं, ट्यूबलाइटसारखं. काचेतून बाजूला पडणारा उजेड मात्र मळकट, हिरवट पिवळा. हात त्या उजेडात धरला तर त्वचा आजाऱ्यासारखी दिसत होती.

काचेच्या आतल्या बाजूला नखाने खरवडलं तेव्हा उलगडा झाला. पिवळ्या रंगाचा पातळ थर पापुद्र्यासारखा निघाला आणि त्या ओरखड्यातून पांढऱ्या उजेडाची रेघ बाहेर आली. म्हणजे आत सरळ स्वस्त पांढरे एलईडी बसवायचे आणि काचेला आतून पिवळं रंगवायचं. वरचं तोंड उघडं असल्यामुळे तिथून खरा रंग छतावर पडत होता.

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्तीची ज्योत साधारण १९००, जुना तारेचा बल्ब २७००, हॅलोजन ३०००, ऑफिसांत असतो तो पांढरा ४००० आणि ‘कूल डेलाइट’ म्हणून मिळतो तो ६५००. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. झोपायच्या खोलीतल्या मंद दिव्याला २७०० किंवा त्याहून कमी हवा, ३००० पर्यंत चालवून घेता येईल. एकदा का विक्रेत्याने हा आकडा लिहिला की तो अडकतो, कारण तो मोजता येतो. म्हणूनच अशी मंडळी ‘कोझी’, ‘गोल्डन अवर’ असले शब्द भरभरून लिहितात आणि आकडा टाळतात.

फोटोवर तर अजिबात जाऊ नका. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग ठरवणारी सेटिंग, जरा सरकवलं की थंड पांढरा दिवाही फोटोत सोन्यासारखा दिसतो. त्यातले निम्मे फोटो तर फोटो नसतातच, संगणकावर तयार केलेली चित्रं असतात. माझ्या दिव्याचं चित्र नंतर नीट पाहिलं तर पुस्तकांच्या सावल्या दिव्याच्याच दिशेने पडलेल्या होत्या.

आता थोडं रंगांबद्दल, कारण ही फसवणूक जास्त छुपी असते. केल्विन बरोबर असूनही दिवा वाईट असू शकतो. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी आणि त्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडातला काही भाग पिवळसर करणाऱ्या पदार्थाचा लेप. लेप स्वस्तातला असला की उजेडात लाल रंग कमी पडतो. मग लाकूड करडं दिसतं आणि माणसांचे चेहरे फिके. उजेडात रंग किती खरे दिसतात यासाठी सीआरआय नावाचं माप आहे, १०० पैकी. ८० कामचलाऊ, ९० च्या वर चांगलं. पण हा आकडा आठ फिकट रंगांवर काढतात आणि गडद लाल त्यात धरत नाहीत. त्यासाठी ‘आर९’ वेगळा विचारावा लागतो. छोट्या शोभेच्या दिव्यावर कुणी तो लिहीत नाही, पण विचारल्यावर जो विक्रेता उत्तर देतो त्याला निदान आपण काय विकतोय ते माहीत असतं.

पितळेचं म्हणाल तर ‘ब्रास फिनिश’ म्हणजे पितळेचा रंग, पितळ नव्हे. लोहचुंबक लावलं, ते चटकन चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही, तेव्हा खाली लोखंड आहे हे उघड झालं. चुंबक चिकटलं नाही म्हणून मात्र पितळ आहे असं समजू नका, ॲल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. तिथे वजन बघावं. पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं.

अख्ख्या पानावर मोजता येण्याजोगा एकच आकडा होता: बॅटरी १०,००० एमएएच (बॅटरीची क्षमता मोजायचं एकक). आणि तोही खोटा निघाला. ओळखीच्या एका रिपेअरवाल्याने बैठक उघडली तर आत एकच गोल सेल, १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० च्या आसपास असते, १०,००० त्यात मावणारच नाहीत. वरच्या चकचकीत आवरणाची कड सुटलेली होती. त्याने ती हलकेच वर केली तर खाली दुसरं, जुनं आवरण, त्यावर २००० छापलेलं. कुठल्या तरी जुन्या बॅटरीतून काढलेला सेल नवा कपडा घालून बसवला होता. चार्जिंगच्या वेळी बैठक गरम का व्हायची तेही कळलं. हा प्रयोग घरी करू नका, लिथियमच्या सेलचं आवरण फाटलं तर शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. घरी करण्याजोगी चाचणी वेगळी आहे: एक अँपिअरने चार्ज होणारी १०,००० ची बॅटरी रिकामी असताना भरायला किमान दहा तास घेणारच. दोन तासांत हिरवा दिवा लागला तर क्षमता किती ते तुम्हीच समजा.

रिव्ह्यू मी वाचले होते, आणि ते भरपूर होते. नंतर जुने रिव्ह्यू उघडले तर त्यात ‘शिलाई मजबूत आहे’ आणि ‘एक साइज मोठा घ्या’ असलं लिहिलेलं! दुसऱ्याच वस्तूचं जुनं पान, त्यावरचे तारे तसेच ठेवून वस्तू बदललेली. हा प्रकार नवा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीवर याच युक्तीबद्दल पहिल्यांदा कारवाई केली. तेव्हा रिव्ह्यू ‘सर्वात जुने आधी’ असे लावून वाचा.

खरी कसरत पैसे परत मागताना सुरू झाली. चॅटवरचा माणूस अतिशय गोड. “मॅडम, मोबाइलच्या कॅमेऱ्यात रंगाचा थोडा फरक दिसतो.” ज्या कॅमेऱ्याच्या जिवावर दिवा विकला त्याच कॅमेऱ्यावर आता खापर! मी डोळ्यांनी बघते आहे म्हटल्यावर म्हणाला, “दिवा ठेवून घ्या मॅडम, थोडी रक्कम परत करतो.” नाही म्हटलं की मधे काही दिवस शांतता, मग रक्कम थोडी वाढवून पुन्हा तोच प्रस्ताव. यात उदारपणा शून्य, परत करण्याची मुदत सरकत राहावी यासाठीचा खेळ आहे. शेवटी दिवा परत पाठवायचा पत्ता दिला तो परदेशातला, कुरियर माझ्या खर्चाने, आणि तो खर्च दिव्याच्या किमतीहून जास्त. वर एक अट: आधी तक्रार ‘सोडवली गेली’ अशी नोंदवा, मग पैसे सोडतो. हे कधीही करू नका. तक्रार बंद झाली की तुमच्या हातात काहीच उरत नाही.

मी कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवला. पैसे कार्डाने भरलेले असतील तर हा मार्ग बहुतेक ठिकाणी असतो, मात्र त्याला मुदत असते, म्हणून विक्रेत्याशी घोळ घालत बसताना पहिल्याच दिवशी बँकेला ती विचारून ठेवा. ‘वस्तू आवडली नाही’ असं लिहिलंत तर कुणी ढुंकून बघणार नाही, तक्रारीचं कारण ‘वस्तू वर्णनापेक्षा वेगळी’ असंच हवं. त्यासोबत मी दिलं ते: खरेदीच्या वेळच्या पानाचा स्क्रीनशॉट, दिव्याशेजारी मोजपट्टी धरलेला फोटो, उघडलेल्या सेलचा फोटो आणि चॅटमध्ये मी ‘दिवा परत घ्या’ असं स्पष्ट लिहिलेला संदेश. स्क्रीनशॉट फार कामी आला, कारण तोवर पानावर गुपचूप एक ओळ वाढली होती: ‘प्रत्यक्ष प्रकाशाचा रंग वेगळा असू शकतो’. उंचीही आता लिहिली होती, तीही बरोबर! रंगाच्या मुद्द्यावर बँकेने फारसं काही म्हटलं नाही. १०,००० आणि २००० यांतल्या फरकावर मात्र विक्रेत्याकडे उत्तर नव्हतं आणि पूर्ण रक्कम परत आली.

दिवा घ्यायचाच असेल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एवढं लिहून विचारा: किती केल्विन, किती ल्युमेन (म्हणजे एकूण उजेड किती), सीआरआय किती, एलईडी बदलता येतो का, उंची किती सेंटिमीटर आणि परत पाठवायचा खर्च कुणाचा. पलंगाशेजारच्या मंद दिव्याला ५० ते १५० ल्युमेन पुष्कळ झाले, ४० वॅटचा जुना बल्ब साधारण ४५० द्यायचा. उत्तर लेखी घ्या, फोनवर नको. जमलं तर बल्ब बदलता येणारा दिवाच घ्या, ई१४ किंवा ई२७ होल्डरचा (आटे असलेला बल्ब फिरवून बसवायची ही लहान-मोठी मापं). मग उजेड आवडला नाही तर नुसता बल्ब बदलून भागतं, सगळा दिवा टाकावा लागत नाही.

जाहिरातीतलं चित्र मी मधे रिव्हर्स इमेज सर्चमध्ये, म्हणजे तेच चित्र इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधणाऱ्या सोयीत, टाकून पाहिलं. तोच दिवा, तीच पुस्तकं, दुकानाचं नाव नवीन. बॅटरी आता २०,००० एमएएच लिहिली आहे.